श्रीरंगकाकांचा मोतीबिंदू

कोरीटच्या आमच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. भांडण म्हणून नाही, रीत म्हणून. डोक्यावर पदर घ्यायचा आणि काही सांगायचं असलं की मध्ये एक माणूस उभं करायचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई, सिंधुबाई. मी त्यांना म्हणायचं, "आत्या, आप्पाले इचारा, भाकर वाढू का?" आप्पा हातभर अंतरावर बसलेले. सगळं ऐकलेलं. तरी थांबायचे. सासूबाई वळून म्हणायच्या, "भाकर वाढू का म्हनस ती." मग आप्पा सासूबाईंना, "तिले सांग, अर्धी." अर्ध्या भाकरीला एवढा प्रवास.

त्यात सासूबाईंना लांबण आवडत नाही. दोन्हीकडचा मजकूर त्या आपल्या सोयीनं छाटायच्या. मी सांगायची की थंडी पडली आहे, कालपासून खोकता आहात, गोठ्यात जाताना कानाला मफलर बांधून जावं. सासूबाई तिकडे नेऊन टाकायच्या: "कान बांधा."

संध्याकाळी मात्र त्यांना बरंच काम पडायचं, कारण तेव्हा आमचा वाद असायचा. वादाचा विषय टीव्हीवरची मालिका, 'सहा खोल्या, सात माणसं'. सुरुवातीला सगळ्यांनी हसायचं आणि जाहिरातीनंतर सगळ्यांनी रडायचं, अशा जातीची. आप्पा खाटेवर, सासूबाई खाली शेंगा निवडत, आणि मी मागे स्वयंपाकघराच्या दारात. माझं म्हणणं असं की त्यातली माणसं माणसांसारखी बोलतच नाहीत. घरात नवराबायको दोघंच, तरी दर वाक्यात एकमेकांचं नाव.

"मृण्मयी, तू इथे स्वयंपाकघरात एकटीच रडत उभी आहेस?"

"हो अधिराज, कारण तुझे वडील श्रीरंगकाका आज माझ्या हातचं थालीपीठ न खाताच स्कूटरवरून निघून गेले."

अहो, त्याला त्याच्या बापाचं नाव माहीत नाही का? दार वाजलं तर आधी "कोण आलं असेल बरं सकाळी सकाळी", आणि उघडल्यावर "अगंबाई, नेनेकाकू! आणि हातात वाटी घेऊन!" वाटी तिला दिसते, आम्हाला दिसते. ओरडायचं कशाला?

"आत्या, असं कोनी बोलस का?"

"खोटं शे म्हनस ती," सासूबाई आप्पांना.

"तिले सांग, असंच बोलाले पाह्यजे. कोन उनं, कोन गयं, कोनना हातमा काय शे, समदं समजस. नही ते आपला घरमा! कोनी नावच लेत नही."

"गप बस म्हनतस," सासूबाई मला.

मग विसरवाडीला माझ्या नणंदेचा, रुपाताईंचा, पाय मोडला आणि सासूबाई तिकडे गेल्या. माझा नवरा कुंदन नंदुरबारला नोकरीला. सकाळी जातो, जेवणाच्या वेळी उगवतो. आमची रिना नाशिकला शिकते. घरात उरलो आप्पा, मी आणि म्हैस.

पहिले काही दिवस सासूबाईंची जागा म्हशीनं चालवली. मी धार काढताना आप्पा म्हशीला सांगायचे, "पारडूले दूध ऱ्हाऊ दे म्हना आज." मी म्हशीलाच म्हणायची, "बरं." पण म्हैस काही घरात आणता येईना. घरात मग टीव्ही होता.

"मृण्मयी, मन्हा च्या कोठे शे?" आप्पा एका संध्याकाळी पडद्याला म्हणाले. पडद्यावरची मृण्मयी नवी साडी नेसून हळदीकुंकवाला निघाली होती. तिला कुठला वेळ. मी मागून म्हटलं, "श्रीरंगकाका, कप तुम्हना डावा हातले ठेयेल शे." आप्पांचा हात खाटेवर थोडा चाचपला, मग कपाला लागला. सुनेच्या सांगण्यानं लगेच उचलला असं दिसू नये म्हणून उशीर करतात, अशी माझी समजूत झाली. मी मनात हसलेसुद्धा.

आणि एका सोमवारी मालिकेचा लेखक बदलला. शेवटच्या पाटीवर नवीन नाव आलं, आणि ती सगळी माणसं एकदम आमच्यासारखी बोलायला लागली.

"हं."

"ठेव."

"इथे?"

"मग कुठे?"

मी तर खूशच. हे खरं बोलणं! आमच्या घरात दिवसभर याहून जास्त शब्द होत नाहीत. पण आप्पांचा पारा चढत गेला.

"कोन बोलनं?" ते पडद्यावर ओरडायचे. "कोनले बोलनं? अरे, नाव तं सांग!"

गुरुवारी अधिराज-मृण्मयीचं महिनाभर चाललेलं भांडण मिटलं, तेसुद्धा एक शब्द न बोलता. तिनं चहाचा कप आणून ठेवला. त्यानं अर्धा प्यायला आणि कप तिच्याकडे सरकवला. ती तो उरलेला चहा उभ्याउभ्या प्यायली. बस. माझे डोळे भरून आले. मी पदरानं पुसते आहे तोच आप्पा ओरडले, "आवाज गया! टीव्ही बिघडना!" आणि रिमोटची बटणं दाबायला लागले.

आवाज गेलेलाच नव्हता. पंख्याचा आवाज येत होता, कप ठेवल्याचा आला होता. आणि आप्पांच्या हातात रिमोट उलटा होता. बटणं म्हणून ते त्याची पाठ दाबत होते.

मग एकेक आठवायला लागलं. गेल्या आठवड्यात ते अंगणात दोरीवर वाळणाऱ्या कुंदनच्या शर्टाला म्हणाले होते, "उनास का? आज लवकर?" मला वाटलं, गंमत करतात. बाजरीच्या पोत्याला त्यांनी राम राम घातला होता. तेही मला वाटलं, म्हातारपणी स्वभाव मोकळा होतो आहे. मृण्मयी रडते आहे हे त्यांना कोणी तोंडानं सांगितल्याशिवाय कळतच नव्हतं. जुना लेखक बिचारा सगळं सांगायचा. मी रोज त्याला नावं ठेवत होते आणि आप्पा त्याच्याच डोळ्यांनी बघत होते.

हसण्यासारखं एवढंच. कारण रोज सकाळी आप्पा दुधाची किटली घेऊन नंदुरबारचा रस्ता ओलांडून डेअरीत जातात. ऊसतोडीचे दिवस. ट्रॅक्टरवाले मोठ्यानं गाणी लावून येतात म्हणूनच आजवर निभावलं असणार. एखादा टेम्पो मुकाट्यानं आला तर?

कुंदन जेवायला बसला तेव्हा मी सांगितलं, "आप्पाले दिखत नही."

"तुले कोनी सांगं?"

"मालिकानं."

तो ठसका लागेपर्यंत हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी, मला खोटं पाडायचं म्हणून, आप्पा आंघोळ करून येत होते तिथे अंगणात न बोलता उभा राहिला. आप्पा सरळ आले आणि त्याच्या खांद्यावर टॉवेल वाळत घालून गेले.

कुंदन टॉवेल न काढताच त्यांच्या मागे धावला. पण बापलेकात दोन वाक्यांच्या पुढे बोलणं कधी गेलेलं नाही. तो म्हणाला, "आप्पा, डॉक्टरकडे जाऊ." आप्पा म्हणाले, "माले समदं दिखस." संपलं. आप्पांच्या मोठ्या भावाचा, पितांबरबाबांचा, फार वर्षांमागे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा गेला होता. तेव्हापासून डॉक्टर म्हटलं की आप्पा उठून गोठ्यात जातात.

मी विसरवाडीला फोन लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तू सांग त्यास्ले."

"मी कशी सांगू, आत्या?"

"मंग टीव्हीले सांग," म्हणाल्या आणि फोन ठेवला. निरोप छाटायची सवय.

त्या संध्याकाळी मालिका लागली. पडद्यावर कोणी काही बोलेना, नुसतं येणंजाणं चाललेलं. आप्पांची मान आवाजाच्या मागे इकडून तिकडे फिरत होती. मी पदर सारखा केला आणि सुरू झाले, "मृण्मयी, दारमा अधिराज उभा शे. हातमा पिशवी शे त्याना. भाजीनी."

आप्पांची मान थांबली. त्यांनी पडद्याला विचारलं, "आनि मृण्मयीनं तोंड?"

"फुगेल शे."

"हां," आप्पा म्हणाले आणि लोडाला टेकले.

झालं. ज्या लेखकाला मी नावं ठेवली त्याचीच नोकरी मी धरली. नेनेकाकू आल्या, नेनेकाकूंच्या हातात वाटी आहे, वाटीत काय आहे दिसत नाही पण वास घेते आहे मृण्मयी. सगळं मी सांगू लागले. आप्पा पुन्हा हसायला लागले. दोघांनाही ठाऊक होतं की मी हे का करते आहे, आणि दोघंही ते टीव्हीवर ढकलत होतो.

असे काही दिवस गेल्यावर मला धीर आला. एक लांब गप्प प्रसंग आला, श्रीरंगकाका खिडकीत पाठमोरे उभे. मी कथेत हात घातला.

"श्रीरंगकाकाले मोतीबिंदू व्हयेल शे," मी म्हटलं.

आप्पांनी मान हलवली नाही. "हाई कधय व्हयनं?"

"व्हयेल शे. पन ते कोनले सांगतस नही."

"मृण्मयीले माहीत शे?"

"माहीत शे. तिनी झोप उडी गयी."

"मंग बोलस का नही ती?"

"सासरा शे ना तिना. कशी बोली?"

मला वाटलं, जमलं. आता उद्या श्रीरंगकाकांना दवाखान्यात न्यायचं, परवा पट्टी काढायची, शनिवारपर्यंत चष्मा. पण तेवढ्यात तो नालायक श्रीरंग खिडकीतून वळला, खुंटीवरची किल्ली घेतली, आणि स्कूटरचा मोठा आवाज झाला. वर तो नेमका आजच मोठ्यानं बोलला, "नेनेकाकू, बाजूला व्हा! मी आलो स्टेशनवर जाऊन!"

आप्पा हळूच म्हणाले, "मोतीबिंदू व्हयना नि फटफटी चालाई ऱ्हायना?"

तसं मी मनात एक बोलणं तयार ठेवलं होतं, भाजी निवडताना, भांडी घासताना घोटून घोटून: 'आप्पा, आज मी सून म्हणून नाही, लेक म्हणून तुमच्यासमोर पदर पसरते.' तोंडापर्यंत आलं आणि माझं मलाच ते मृण्मयीचं वाटलं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आप्पा, सकायले रस्तावर टेम्पो येस. तो काय नाव सांगीसन येस का?"

मध्ये टीव्ही नव्हता, म्हैस नव्हती, कोणीच नव्हतं. माझे कान गरम झाले. पडद्यावर साबणाची जाहिरात लागली आणि ती संपेपर्यंत आम्ही दोघं ती ऐकत राहिलो.

मग आप्पा वळले. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या फ्रिजकडे. पण माझ्यासाठीच वळले होते.

"तुले कसं समजनं?"

"रिमोट उलटा धरेल व्हता तुम्ही."

"ते सांगाले पाह्यजे ना मंग! मी उगाच त्या टीव्हीले शिव्या दिन्यात." मग म्हणाले, "पितांबरना डोया गया ना."

"पितांबरबाबा ऑपरेशनना तिसराच दिवशे तापीमा डुबकी मारी उनात. तुम्ही मारशात का?"

"इतली थंडीमा?"

"मंग व्हयनं."

आप्पा दाढी खाजवत बसले. त्यांना आता डोळा कापायची भीती नव्हती, ती वेगळीच होती. "तठे कोन काय बोली ऱ्हायनं, माले कसं समजी?" ते म्हणाले. "कुंदन तं तोंडच उघडत नही. तू येशी का?"

"येसू."

"समदं सांगशी?"

"समदं."

नंदुरबारच्या दवाखान्यात कुंदनला कागदपत्रांच्या रांगेत उभं केलं आणि मी आप्पांजवळ राहिले, डोक्यावर पदर, तोंड चालू. ही पायरी, आप्पा. हा पंखा वाजतो आहे, माणूस नाही. डावीकडच्या खाटेवर एक म्हातारी आहे, शहाद्याकडची वाटते, तुमच्याकडेच बघते आहे. "बघू दे," आप्पा म्हणाले आणि टोपी सरळ केली. आजूबाजूच्या बाया माझ्याकडे वळून बघत होत्या. सासऱ्याशी एवढं बोलणारी सून त्यांनी पाहिली नसणार. मीही नव्हती पाहिली.

मग डॉक्टरीणबाई आल्या. सकाळपासून बरेच डोळे तपासून झालेले, कपाळावर आठी, हातात फाइल. नव्या लेखकासारखं बोलणं.

"हं. वर. खाली. ठीक."

आप्पांनी खाटेचा लोखंडी दांडा घट्ट धरला. "कोन बोलनं?"

"डॉक्टरीणबाई शेतस. टॉर्च शे हातमा."

"तोंड कसं शे?"

मी त्या आठीकडे पाहिलं. आप्पांच्या बोटांकडे पाहिलं. ती पांढरी पडली होती.

"हासी ऱ्हायन्यात," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी फाइलमधून मान वर केली. "मी कुठे हसतेय?"

"आत्ते कोन बोलनं?"

"त्याच."

"हासतस तं मंग आवाज असा का?"

"थकेल शेतस त्या, आप्पा. सकायपाईन उभ्या शेतस. पन तोंड हासरं शे. दात दिखी ऱ्हायनात."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी पदराआडून मान हलवली, नुसतीच, जरा विनवणीची. त्यांनी ओठ दाबून धरले, पण ते काही राहीनात, आणि मग त्या खरोखरच हसल्या, फाइल तोंडावर धरून, मागची नर्सही हसली, आणि शहाद्याच्या म्हातारीला काही न कळता तीही.

"हां," आप्पा म्हणाले. त्यांनी दांडा सोडला आणि आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला. "चला बाई. कोठे जानं शे?"