धड माणला, भिंग रहिमतपूरला

लाल रिबीन. ती कापायला आणलेली, न चालणारी कात्री. ताटभर बटाटेवडे. काडेपेटीत एक गोचीड, जिवंत. 'एकमेकांसंगे शिकू' असा भलामोठा फलक आणि त्यावर मुलांपेक्षा पाहुण्यांचे जास्त फोटो.

मित्रांनो, मी सूक्ष्मदर्शक आहे. वयाने जुना नाही. पण न वापरलेली वस्तू लवकर म्हातारी होते, तसा झालो आहे.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी माझ्या आरशावर पातळ कागद चिकटवला आणि मला भुशात निजवलं. बारीक ते मोठं करून दाखवायचं, एवढंच मला येतं. इकडे आलो तेव्हा कळलं की इथल्या मोठ्या माणसांना ते माझ्याशिवायच येतं.

जिल्ह्यात तेव्हा 'जोडशाळा' उपक्रम निघाला होता. माण तालुक्यातली एक लहान शाळा आणि रहिमतपूरकडची एक मोठी शाळा यांची जोडी लावली. दोघींत मिळून एक सूक्ष्मदर्शक. तो मी.

मला ठेवायचं कुठं, यावर पहिलीच बैठक झाली.

"आमच्याकडं ठिवलं तर तुमी म्हणणार, ढापलं," माणचे नाथाजी गुरुजी म्हणाले.

"आणि आमच्याकडं ठेवलं तर तुमी वर कळवणार," रहिमतपूरचे विश्वजीत सर म्हणाले. "त्यापेक्षा धड तुमचं, भिंग आमचं. झगडाच नको."

भावकीत बांध घालतात तसा त्यांनी माझ्यात बांध घातला. डोळा लावायचं भिंग आणि काचपट्ट्या एका डबीतून रहिमतपूरला गेल्या. उरलेला मी माणच्या कपाटात. दोघांनी हात मिळवले. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

माणच्या शाळेत माया नावाची मुलगी होती. सातवीतली. घरी मेंढरं. शनिवारी कपाट पुसायची पाळी तिची असायची.

"गुरुजी, गोचिडीला पाय किती असत्यात?" तिने एकदा विचारलं.

"भिंग आलं की बघू."

"कवा येणार?"

"येईल गं. लय घाई तुला."

वर्षभर ती मला पुसत होती. रिकाम्या नळीला डोळा लावायची, आत अंधार बघायची आणि फडकं झटकून निघून जायची. तिची दया यायची मला. गुरुजींची नाही.

मग समारोपाचा, त्या लाल रिबिनीचा आणि वड्यांचा दिवस आला. रहिमतपूरहून गाडी आली, जिल्ह्याचे साहेब आले, माझं धड आणि भिंग जोडलं गेलं. साहेबांनी वाकून डोळा लावला.

"वा! एकदम स्पष्ट!"

माझ्याखाली काचपट्टी नव्हती. आरशावर अंबाल्याचा कागद तसाच होता. पण साहेबांना स्पष्ट दिसलं. फोटो निघाला. विश्वजीत सरांनी लगेच भिंग काढून डबीत घातलं आणि डबी आपल्या शाळेतल्या संयोगिताच्या हातात दिली. "जिवापेक्षा जप. मी दोन घास खाऊन आलो."

सगळे वड्यांकडे गेले. खोलीत दोन मुली आणि मी.

"भिंग तुझ्याकडं हाय न्हवं?" मायाने विचारलं.

"हाय. पण हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलंय."

"मलाबी त्येच सांगितलंय."

दोघी फिसकन हसल्या.

मायाने काडेपेटी काढली. संयोगिता मागे सरली. "शी! काय हाय ते?"

"गोचीड. आमच्या काळ्या मेंढीची. पाय मोजायचंत."

"सहा असतील. किड्याला सहाच असत्यात, पुस्तकात दिलंय."

"पुस्तकात गोचीड हाय का?"

संयोगिताने डबी उघडली. बारकी गोचीड काचपट्टीवर चिकटपट्टीखाली दाबली गेली. आरशावरचा कागद तिने नखाने सोलला. मायाने मला खिडकीकडे वळवलं आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा उजेड आत आला. मित्रांनो, जोडशाळा ती एवढीच. तिचा फोटो नाही.

"दिसलं गं! केवढी हाय!" माया डोळा न काढता मोजू लागली. "एक... दोन... आगं हलतीया... तीन... चार... पाच... सा..."

"संयोगिता! कुणी सांगितलं गं हात लावायला?"

विश्वजीत सरांच्या तेलकट बोटांनी भिंग उपटलं. मी आंधळा झालो.

"आवं सर, थांबा की! अजून हायत पाय!"

"पुढच्या वर्षी बघ," सर म्हणाले, आणि डबीला टोपण लावलं.

पुढच्या वर्षी माया या शाळेत नव्हती. शाळा सातवीपर्यंतच आहे.

आमच्यासारख्यांनी शेवटी विनंती करायची असते की आम्हाला जपा. मित्रांनो, मला फार जपलं. आता पुरे. मला पाडा, फोडा, तेलकट करा. पण आधी डोळा लावा. आणि कुणी मोजत असेल तर मोजून होऊ द्या.

गोचिडीला आठ पाय असतात.