नकाशातली तुटक रेष

"ताई, आज तुमची भिंत पाडतोय," वहिनी फोनवर म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात कौतुक होतं. बारा वर्षांपूर्वी त्यांचं घर मीच आखून दिलं होतं. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, माणसं वाढतात, म्हातारी होतात, रुसून वेगळी झोपतात, मग घरानंच काय म्हणून ताठ उभं राहायचं? मधली भिंत मी नकाशात तुटक रेषेनं काढली आणि शेजारी लिहिलं, 'गरज पडल्यास काढावी.' आता गरज पडली होती. त्यांच्या यजमानांचं, मास्तरांचं, उजवं अंग लुळं पडलं होतं आणि चाकांची खुर्ची त्यांच्या खोलीच्या दारातून वळत नव्हती.

"थांबा. मी येईपर्यंत कोणी हात लावू नका."

"अहो, गवंडी कधीचा आलाय. तुम्ही या निवांत चहाला." मागे घणाचा ठोका पडला. "काही ऐकूच येत नाही बाई," म्हणत त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा लावला. पाच वेळा लावला. त्या आवाजात कोण उचलणार?

मी गाडी काढली. त्या तुटक रेषेच्या वर, स्लॅबच्या पोटात, एक बीम असायला हवा होता. नकाशात आहे. घरात नाही. स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी सळई कमी पडली. नवी यायला आठवडा लागणार, आणि मास्तर भाड्याची जागा सोडून सामान बांधून बसलेले. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, खाली भिंत आहेच की. पाडतील तेव्हा बघू." मी वैतागलेली होते. "कर बाबा काय करायचं ते," म्हणून मोकळी झाले. म्हणजे जी काढता येते म्हणून मी मिरवत होते, तिच्याच डोक्यावर अख्खं छत बसलं होतं. आणि मास्तरांचा पलंग तिला लागूनच होता.

माझ्या पुढे एक गृहस्थ सहलीला निघाल्यासारखे गाडी हाकत होते. त्यांना मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मला भयंकर भीती वाटत होती, आणि भीती वाटली की माझी जीभ सुटते.

घराचं दार उघडंच होतं. आत धूळ. गवंड्यानं भिंतीचे वरचे दोन थर हातभर लांबीत काढले होते आणि छताला तिथून केसाएवढी चीर गेली होती. त्यानं घण पुन्हा उचलला होता.

"खाली ठेव," मी म्हटलं.

"नकाशात तर काढा म्हटलंय."

"नकाशा खोटा आहे. आधी मास्तरांना बाहेर घे."

पलंग दारात अडकला. मग चादरीची टोकं धरून वहिनी, गवंडी आणि मी, आम्ही तिघांनी त्यांना उचललं. वर काहीतरी कट्‌कन वाजलं, थोडा गिलावा त्यांच्या छातीवर पडला, आणि ते डोळे मोठे करून माझ्याकडेच बघत राहिले. अंगणात त्यांना खाली ठेवलं. मी तिथेच बसले.

छत पडलं नाही. गवंडी लोखंडी टेकू आणायला पळाला. मी वहिनींना बीमचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, मला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. "इतकी वर्षं झाली ताई. विसरला असाल."

किती सोपं होतं हो म्हणणं.

"विसरले नव्हते," मी म्हटलं. "तुमच्याकडे चहाला यायचे ना, दर वेळी वर बघायचे."

त्यांचा हात पाठीवरून निघाला.

मास्तरांचे ओठ हलले. बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "अशी... आणखी... किती?"

"काय किती?" वहिनींनी वाकून विचारलं.

मला कळलं होतं. एकदा निभावलं म्हणून त्याच ठेकेदाराला मी पुढेही तेच करू दिलं होतं. तशाच तुटक रेषा, तशीच भरवशानं राहणारी माणसं.

"तीन घरं," मी म्हटलं.

बारा वर्षांत मास्तर मला कधी अगंतुगं बोलले नव्हते.

"मग इथं... बसलीस... का?"