आंधळा मणी

मावशीच्या कपाळावर नागीण उठली, तेव्हा काकांनी पेपरातून मान वर काढून विचारलं, "नागिणीला नागीण झाली तरी कशी?"

एरवी भाची खो खो हसली असती. पण पुरळ पापणीपर्यंत उतरलं होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या आजच सुरू करा, नाहीतर डोळा जाईल. मावशीचं तर सगळं आयुष्यच डोळ्यावर. लोकांच्या माळा ओवून द्यायच्या, तुटलेले सर जोडायचे.

त्या काळी या गोळ्या नव्या होत्या. भाची प्रयोगशाळेत कामाला. तिला कौतुकानं सांगितल्यावाचून राहवेना. "विषाणू पेशीत शिरून स्वतःची नक्कल करतो, मावशी. मण्यापुढे मणी ओवतो म्हण ना. ही गोळी म्हणजे त्याच्या मण्यांत मिसळलेला खोटा मणी."

झालं! मावशीनं गोळी खाली ठेवली. "जन्मात कुणाच्या माळेत खोटा मणी घातला नाही, तो आता पोटात घालू?"

"अगं, तसा खोटा नव्हे..."

"खोटं ते खोटं. उचल ती!"

काकांनी हात टेकले. भाची रडकुंडीला आली. मावशी फुरंगटून, एक डोळा मिटून माळ ओवायला बसली. थोड्याच वेळात सुई अडली.

"मेला आंधळा मणी!" तिनं तो चिमट्यानं ओढून बशीत फेकला. भोक एकाच बाजूला; सुई आत जाते, पलीकडे निघत नाही.

भाचीनं झडप घातली. "हाच! गोळीत हाच आहे. दिसतो इतरांसारखा. विषाणू तो ओवतो, पण त्याच्यापुढे दुसरा बसतच नाही. माळ तिथेच खुंटते."

"काढून नाही टाकत?"

"चिमटा कुठाय त्याच्याकडे?"

"आणि माझ्याच पेशींनी ओवला म्हणजे?"

"गोळीतला मणी कच्चा असतो. तो ओवण्याजोगा करायला विषाणूचंच अवजार लागतं. तुझ्या धडधाकट पेशींत ते नसतंच."

"म्हणजे स्वतःच घडवतो आणि स्वतःच अडकतो?" मावशी इतकी हसली, की कपाळ ठणकलं. "अगदी तुझे काका!"

"मी काय केलं?" पेपरामागून आवाज आला.

तोवर गोळी पोटात गेली होती.

डोळा वाचला. पुढे मण्यांचा व्यापारी आला. आंधळे मणी परत करताना मावशी दरवेळी त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. या खेपेला तिनं ते मुकाट्यानं डबीत भरून ठेवले.

व्यापारी घाबरला. काकांना हळूच म्हणाला, "मावशी अजून बऱ्या झालेल्या दिसत नाहीत."