पेट्रीच्या पायाभरणीचा फावडा

मी फावडा बोलतोय, काचेच्या कपाटातून. आवाज दबका येईल. काच नसती तरी मी दबक्याच आवाजात बोललो असतो, कारण सांगायचं आहे तेच मान खाली घालायला लावणारं आहे.

आज अंगावर सोनेरी रंग दिसतोय ना? जन्मलो तेव्हा मी नुसतं काळं लोखंड होतो. नील्स हॉग्स्टॅड नावाच्या पाटकऱ्यानं मला अमेरिकेतल्या पेट्री गावच्या दुकानातून आणलं. भल्या पहाटे तो मला खांद्यावर टाकायचा आणि पाटाच्या कडेनं मैलोन्‌मैल हिंडायचा. कुणाच्या शेताकडे पाण्याचं दारं फोडायचं, कुणाचं बांधायचं. कोरडं साल आलं की शेजारी शेजाऱ्याच्या उरावर बसायचा. नील्स म्हणायचा, "पाळी ज्याची, पाणी त्याचं. माझा सख्खा भाऊ आला तरी मागे उभा राहील." त्याच्या घामानं माझा दांडा गुळगुळीत झाला. तसलं सुख पुन्हा लागलं नाही.

त्याचा मुलगा वेंडल. चिखलात पाय घालायला नाखूश, पण बोलायला लागला की माणसं घरी जायची विसरायची. जिल्ह्याच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा भर सभेत त्यानं मला डोक्यावर धरलं. "हा माझ्या बापाचा फावडा! मी राबणाऱ्याचा मुलगा आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढे तो विधानसभेत गेला, मग राज्याचा गव्हर्नर झाला. राजधानीत मला पहिल्यांदा रंग फासला. शाळा असो, पूल असो, कसलीही पायाभरणी असली की मला मखमलीत गुंडाळून न्यायचे. तुम्हाला वाटेल, मी जमीन खणायचो. छे! मोठ्या माणसांच्या कमरेला त्रास नको म्हणून आदल्या दिवशीच लाकडी खोक्यात चाळलेली माती भरून ठेवत, पिठासारखी. वेंडल बुटाचं टोक माझ्यावर टेकवायचा, चिमूटभर माती उडवायचा आणि फोटो निघेपर्यंत वाकून हसत राहायचा. पाटाच्या गाळात राबलेला मी, त्या पिठात खेळायला लागलो. मिरवायलाही लागलो.

दुसऱ्यांदा गव्हर्नर व्हायला उभा होता, तेव्हा त्यानं पेट्रीला इस्पितळ द्यायचं ठरवलं. आपलंच गाव. तिथून जवळचं इस्पितळ नव्वद मैल, हिवाळ्यात वाट बर्फानं बुजलेली. वेंडलच्या वर्गातली लोरीन तिथे खानावळ चालवायची. पायाभरणीला तिनं अख्ख्या गावाला चिलीचं तिखट खिमा-राजमा कालवण आणि दालचिनीचे रोल खाऊ घातले.

"वेंडल, पहिली खाट माझ्या रेची हं," ती म्हणाली. रे तिचा नवरा, काळजानं अधू.

"धरून चाल, लोरीन. पुढच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला दार उघडतो की नाही बघ."

"बघते. शाळेत माझी पेन्सिल घेऊन गेलास ती अजून आली नाही."

सगळे हसले. माती उडाली, फोटो निघाला, महिन्यानं वेंडल निवडून आला. इस्पितळ काही आलं नाही. आधी नकाशा अडला, मग कागद अडले, मग कुणी विचारायचंच सोडलं.

चार वर्षांनी तो वॉशिंग्टनच्या सिनेटला उभा राहिला. त्याच्या सेक्रेटरीनं पुन्हा पेट्रीच काढलं. तेच मैदान, तेच खोकं, तसलीच माती. फक्त पहिल्या रांगेत रे नव्हता. त्याच वर्षीच्या जानेवारीत, नव्वद मैलांवरच्या इस्पितळाच्या वाटेवर, बर्फात रुतलेल्या गाडीत, चाळिसाव्या मैलाला तो गेला होता.

मागून कुणीतरी ओरडलं, "काय रे वेंडल, गेल्या वेळची माती उरली होती वाटतं!"

लोक हसले. लोरीन नाही हसली. ती सरळ पुढे आली आणि वेंडलच्या हातातून मला काढून घेतलं. सेक्रेटरी धावला, तर म्हणाली, "तू बाजूला हो बाळा. या फावड्याला मी तुझ्याआधीपासून ओळखते."

खोकं ओलांडून तिनं मला खऱ्या जमिनीत हाणलं. ऑक्टोबरातली भुई, दगडासारखी. खण्णकन आवाज झाला. पात्याचा टवका उडाला, रंगाची खपली पडली, आतलं काळं लोखंड उघडं पडलं.

"नील्सकाकांचा ना हा?" ती धापा टाकत म्हणाली. "घे. इथे एकच घाव घाल. इस्पितळाचं राहू दे. एक घाव खरा घाल, माझं मत तुला."

वेंडलनं मला घेतलं. त्याचा तळवा ओला झाला होता. मला वाटलं, आता मारतो. बापाचे हात आहेत, मारणारच. त्यानं लोरीनकडे पाहिलं नाही. कॅमेऱ्यांकडे पाहिलं आणि खोक्यातली चिमूटभर माती उडवली. हसलासुद्धा.

आणि मी? मी मुकाट्यानं ती माती उचलली. लोखंडाला बोलता येत नाही, कबूल. पण दांड्यातून निसटून त्याच्या पायावर तरी पडता आलं असतं. तेवढंही झालं नाही माझ्यानं.

तो जिंकला. पेट्रीतली मतं गेली, पण पेट्री आहेच केवढं?

आता मी राजधानीच्या संग्रहालयात त्याच्या तसबिरीशेजारी असतो. पाटी मला वाचता येत नाही, पण येणारे मोठ्यानं वाचतात, "या फावड्यानं एक्केचाळीस कामांची सुरुवात झाली." सुरुवात! पुढचं कुणी विचारत नाही.

गेल्या वसंतात वेंडल आला. काठी टेकत, एकटाच. मान वाकडी करून माझ्या मागे डोकावला. टवका उडालेली बाजू भिंतीकडे आहे.

राखणीची बाई म्हणाली, "साहेब, फिरवून ठेवू का?"

"नको," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "हीच बाजू राहू दे."

म्हणून तुम्हाला विनवतो. कधी इकडे आलात तर पाटी वाचू नका. त्या बाईला एवढंच सांगा, फावडा फिरव म्हणून. दांडा नील्सचा आहे, टवका लोरीनचा आहे. मधला सोनेरी रंग तेवढा माझा आणि वेंडलचा. तो पुष्कळ दाखवून झाला.