पेटीच्या पोटात काय भरायचं

धाकटीने प्लग ओढला, पुन्हा लावला आणि पेटीच्या पडद्याकडे बघत राहिली. पडदा काळाच. कोपऱ्यातला हिरवा दिवा लागला होता, म्हणजे वीज आत पोचत होती. पण पेटी काही शुद्धीवर येईना.

"ऊठ ना गं बाई," ती पुटपुटली. पेटीने दाद दिली नाही.

दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी ही काचेची पेटी. काच आणि लोखंडी सांगाडा बाहेरून यायचा. तिचा मेंदू मात्र या दोघी बहिणी बनवायच्या. थोरलीला टेंपोवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे ताईच म्हणत. सॉफ्टवेअर तिचं. धाकटी सर्किटं जुळवायची आणि तयार झालेल्या मालाचे शक्य तितके हाल करून बघायची. खाली वर्कशॉप, वर घर, आणि दोन्ही मजल्यांवर आईचा अंमल.

अशा यंत्रात जे काही चालतं ते सगळं, ऑपरेटिंग सिस्टिमसकट, एका मोठ्या फाइलीत बांधून आत भरतात. तिला इमेज म्हणतात. ही इमेज बांधायच्या तऱ्हा अनेक, आणि कुठली घ्यायची हे एकदा ठरलं की पुढचं सगळं काम त्याच वाटेने जातं. ताईने उघडी तऱ्हा घेतली होती: आत गेल्यावरही जिच्यात लिहिता येतं, जिचा एकेक भाग दुरून बदलता येतो. वर्षभर खपून तिने ते दुरून बदलायचं तंत्र लिहिलं होतं, आणि ते होतंही देखणं. कुठल्याही गावातल्या पेटीतला एवढासा दोष ताई खुर्चीवरून न उठता काढू शकली असती. पाहुण्यांना ती ते इतक्या कौतुकाने दाखवायची, की आई म्हणायची, "नातवंड झालं असतं तरी एवढं मिरवलं नसतंस."

आणि आता धाकटीला कळलं होतं, की लिहिणं चालू असताना वीज गेली तर हे नातवंड कधीकधी डोळेच उघडत नाही. नेहमी नाही. दहादा उठायचं, वीसदा उठायचं, आणि मग एकदा असं निपचित पडायचं. ज्या दवाखान्यांसाठी पेट्या चालल्या होत्या, तिथे विजेचा लपंडाव रोजचाच.

दोन दिवस ती गप्प राहिली. केबल बदलली, बोर्ड बदललं, दोष आपल्याच सर्किटात निघावा म्हणून मनोमन प्रार्थनाही केली. जेवताना ताई पेट्या कधी पोचवायच्या त्याच्या गप्पा मारायची आणि ही अर्ध्या जेवणातून उठायची. शेवटी आईच म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? काय ते तिला सांगून टाक."

"तुला काय माहीत काय सांगायचंय ते?"

"मला ठाऊक नाही. पण तू ताटातलं टाकून उठतेयस, म्हणजे भांडं मोठं असणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने सांगितलं. घाईघाईत, नजर चुकवून, मध्येच "कदाचित माझंच काही चुकत असेल" असंही घुसडून. ताईने ऐकून घेतलं, उठली आणि स्वतः प्लग ओढायला बसली. ओढायचा, लावायचा, बघायचं. बराच वेळ पेटी इमानाने उठत राहिली, आणि धाकटीला वाटू लागलं की आता ताई आपल्यालाच फाडून खाणार. मग पडदा काळा राहिला. ताईने प्लग खाली ठेवला.

"सर्किट चोख आहे," ती म्हणाली. "निवड चुकलीय. माझी."

"काहीतरी ठिगळ लावता येईल ना? उठताना स्वतःला तपासून घेईल, दुरुस्त करेल..."

"येईल. मग विसात एकदा मरायची ती हजारात एकदा मरेल. त्या हजाराव्या वेळी आत कोण निजलेलं असेल?"

ताईने फळा पुसला. वर्षभराच्या कामाचा आराखडा होता त्यावर. एका कोपऱ्यात जरासा रेंगाळला हात, पण तोही पुसला. मग दोघी फळ्यासमोर बसल्या.

पहिला विचार झाला सगळी इमेज दर वेळी तात्पुरत्या मेमरीत उलगडायचा. वीज गेली की सगळं पुसलं जाणार, आली की नव्याने सुरुवात. बिघडायला काही उरतच नाही.

"झकास!" धाकटी म्हणाली.

"झकास, पण उलगडायला वेळ लागतो. तोवर नर्स काय करणार, बाळाला गोष्ट सांगणार? आणि आपल्या बोर्डावर एवढी मेमरीही नाही."

म्हणून ठरली बंद इमेज. एकदा बांधली की सीलबंद. पेटी ती फक्त वाचणार, तिच्यात एक अक्षर लिहिणार नाही. नर्सने लावलेलं तापमान वगैरे वेगळ्या छोट्या कप्प्यात. आणि इमेजच्या प्रती दोन. नवी आली की ती दुसऱ्या जागी पूर्ण उतरणार, तोवर जुनी सुरूच. नवी धड उठली नाही, तर पेटी आपली आपण जुनीवर परतणार. एकेक भाग दुरून बदलायची चैन मात्र संपली. एवढासा दोष काढायचा तरी अख्खी इमेज पुन्हा बांधायची आणि पाठवायची.

"मग तुझं ते सगळं..." धाकटी म्हणाली.

"छान होतं गं," ताई म्हणाली. "पण पेटीसाठी नव्हतं."

त्या संध्याकाळी ताई जरा जास्त वेळ गच्चीवर उभी होती, एवढंच धाकटीला दिसलं. धाकटी तिच्यामागे वर गेली नाही.

डॉक्टरांना सांगायला दोघी गेल्या. पहिल्या पेट्या त्यांच्याच दवाखान्यात जायच्या होत्या आणि माणूस तापट. धाकटीने वाटेत बरीच कारणं जुळवून ठेवली होती: सुटे भाग उशिरा आले, बाजारात चिप मिळत नाही. ताईने खुर्चीत बसता बसताच सांगितलं, "डॉक्टर, मी चुकीची रचना निवडली होती. ती मोडून नव्याने करतेय. पेट्या उशिरा येतील."

डॉक्टर भडकले. शब्द दिला होतात म्हणाले, दुसरीकडे जाईन म्हणाले. ताईने मध्ये तोंड घातलं नाही. ते थांबले तेव्हा म्हणाली, "जा, मी आडवी येणार नाही. फक्त जिथे जाल तिथे पेटी चालू असताना वीस-पंचवीसदा प्लग ओढून बघा. माझी तयार झाली की तिचाही ओढा."

डॉक्टर कपाळ चोळत म्हणाले, "लवकर करा म्हणजे झालं."

पेट्या तयार होऊन दवाखान्यात गेल्या. पुढे तापमानाचा आलेख नर्सना नीट वाचता यावा म्हणून नवी इमेज बांधावी लागली, आणि पहिलीच खेप म्हणून दोघी ती चढवायला स्वतः गेल्या. दुपार होती. नर्सने एक रिकामी पेटी त्यांच्या हवाली केली. बाकी पेट्यांत मुठीएवढी बाळं झोपली होती. नवी इमेज अर्धीअधिक उतरली आणि वीज गेली. सगळ्या पेट्या एकदम अंधारल्या. जनरेटर सुरू व्हायला जरा वेळ लागला, आणि नेमकं तेव्हाच बाळंतिणीच्या खोलीतून दुसरी नर्स कापडात गुंडाळलेला जीव घेऊन धावत आली.

"रिकामी कुठली?"

धाकटीने ताईकडे पाहिलं. रिकामी एकच होती, आणि तिचंच पोट आत्ता उकललेलं होतं. जनरेटर घरघरला. एकेक पडदा उजळला, बाळांचं आपापलं तापमान पुन्हा झळकलं. रिकामी पेटीही उठली, सगळ्यांच्या बरोबरीने. अर्धवट उतरलेली नवी प्रत बाजूला टाकून जुनीवर, जणू काही घडलंच नव्हतं.

"ही घ्या," ताई म्हणाली आणि बाजूला झाली.

नर्सने बाळ आत ठेवलं, तापमान लावलं, झाकण बंद केलं. आधी ते थंडीने निळसर दिसत होतं. हळूहळू त्याचे तळपाय गुलाबी झाले. पेटीच्या पोटात काय घडून गेलं, हे तिथे दोघींशिवाय कुणाला कळलंच नाही. ताईने कुणाला सांगितलंही नाही. तिने नर्सला एवढंच विचारलं, "धोक्याचा भोंगा फार कर्कश वाटतो का हो? बाळं दचकतात का?"

"दचकतात तर! आम्हीपण दचकतो."

"मग बदलू."

परतताना गाडी धाकटी चालवत होती. ताई शेजारच्या सीटवर तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. डोक्यातला एक पांढरा केस उन्हात चमकत होता. ही आपली बहीण आहे, या विचाराने धाकटीला उगाच भरून आलं. जवळच्या रस्त्यावर खड्डे फार होते. धाकटीने गाडी लांबच्या रस्त्याला वळवली.