बाबांच्या तोंडी घातलेली ओळ

गिटारवाल्या काकांनी शेवटचं गाणं लावलं तशी लेक खुर्चीत सावरून बसली. बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. त्यांचा आवाज ऐकायला मिळणार म्हणून ती कामावरून घरी न जाता थेट इथे आली होती. प्रार्थनागृहामागच्या अडगळीच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या टांगून बँडने आपला स्टुडिओ थाटला होता. बाबा, काका आणि मामा या तिघांनी जन्मभर देवाची गोड गाणी गायली. मग आजारी पडल्यावर बाबांनी हट्ट धरला, की आता एक अल्बम न्यू मेटलच्या वळणाचा करायचा. तारा सैल करून वाजवलेल्या गिटारींचा जाड घुमारा, मध्येच रॅपसारखं भरभर बोलणं आणि मग घसा फाडून आरोळी. "साठी बुद्धी नाठी," ड्रम वाजवणारा मामा तेव्हा म्हणाला होता, आणि पुढे सगळ्यात जास्त मजा त्यालाच आली होती.

शेवटच्या गाण्यात बाबा देवाला जाब विचारत. "तू ऐकत नाहीस," असं चारदा, दरवेळी आणखी वरच्या पट्टीत, आणि तिथेच अल्बम संपे.

आज चौथ्या वेळी बाबा ओरडले, "तू ऐकतोस."

लेकीने गाणं थांबवायला लावलं. "हे बाबा कधी म्हणाले?"

"म्हणालाय की, दुसऱ्या गाण्यात. तिथून कापलं आणि इथे बसवलं," काका म्हणाले. "सांग, कळतोय कुठे जोड?"

"नाही कळत. तेच तर वाईट आहे."

मामा ड्रमच्या कातड्यावरची धूळ बोटाने पुसत बसला.

"अगं, प्रार्थनेला येणारी मंडळी ऐकणार हे," काका म्हणाले. "जाता जाता देवाशी भांडून गेला, असं म्हणतील. त्याच्याच भल्यासाठी केलं मी."

"गेलेल्या माणसाचं अजून काय भलं करायचं राहिलंय, काका?"

"शेवटी तो हेच म्हणाला असता."

"शेवटी मी उशाशी होते. शुद्धीवर होते ते. पाणी मागितलं, उशी सरकव म्हणाले, तुमच्या गिटारची टिंगलसुद्धा केली. हे नाही म्हणाले."

तिचा आवाज चढला नव्हता. ऐकणारा कुणी नाहीच अशी खात्री असलेला माणूस इतक्या हाका मारेल कशाला? बाबा बंद दारावर धडका देत होते. आतून दार उघडलं, असं काकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि तेही बाबांचाच गळा वापरून. जिवंतपणी बाबांच्या तोंडात शब्द घालायची कुणाची छाती झाली नव्हती.

"तुम्हाला म्हणायचंय ना ते?" ती म्हणाली. "मग तुमच्या तोंडाने म्हणा. बाबांची ओळ होती तशी लावा आणि त्यांच्यामागून तुम्ही म्हणा. मी अडवणार नाही."

"बोल की आता," मामा म्हणाला. "एरवी तर माईक सोडत नाहीस."

काका तणतणत माईकसमोर उभे राहिले. कानाला हेडफोन लावले. मामाने बाबांची मूळ ओळ लावली. चौथी आरोळी खोलीभर पसरली, गाद्यांनाही ती पुरती गिळता आली नाही. आरोळी विरली. काकांची पाळी आली. त्यांनी तोंड उघडलं, श्वास घेतला आणि तो तसाच सोडून दिला.

"परत लावू?" मामाने विचारलं.

काकांनी मान हलवली. हेडफोन काढून वायर बोटांभोवती गुंडाळत राहिले. "नको. त्याची ओळ राहू दे."

त्यांनी चेहरा पुसला. लेकीला दया आली, पण राग त्या दयेहून मोठा होता.

"आरोळीनंतर त्यांना खोकला आला होता," ती म्हणाली. "तोही कापलाय तुम्ही. परत घाला. मी बसलेय."