चालू बदक

स्वयंपाकघरातल्या टेबलाची वाटणी झालेली होती. खिडकीकडची बाजू वहिनीची: बारीक पकड, तेलाची कुपी आणि पोटं उघडी टाकलेली पत्र्याची जुनी खेळणी. भिंतीकडची नणंदेची: फोन, दिवा आणि पुठ्ठ्याची खोकी. वहिनीने खेळणं दुरुस्त करायचं, नणंदेने फोटो काढून लिलावाच्या साइटवर चढवायचं. घर एक, स्वभाव दोन, आणि दुकान मात्र झकास चाललेलं.

गेल्या वर्षी दुकानाच्या नावापुढे सोनेरी तारा उगवला. ‘सुवर्ण विक्रेता.’ नणंदेने फोन घरभर फिरवला, नवं बाळ दाखवावं तसा. वहिनीलाही तो आवडला, खोटं कशाला बोला. ताऱ्यामुळे त्यांची खेळणी यादीत वर दिसायची, साइटही आपला वाटा कमी कापायची. पण ताऱ्याचे नखरे फार. विकलं की त्याच दिवशी रवाना करा, आणि महिन्याची विक्री घसरू देऊ नका. त्यामुळे हल्ली शेवटचा स्क्रू बसायच्या आत नणंद फोटो चढवून मोकळी व्हायची.

त्या सकाळी हिरवं बदक विकलं गेलं.

“कुरिअरवाला दुपारी येतोय. दे इकडं, गुंडाळते,” नणंद खोकं उलगडत म्हणाली.

“आज नाही जायचं ते. स्प्रिंग कालच बदललीय. एक रात्र ताणून ठेवायचंय.”

“टेबलभर चाललं की! मी ‘चालू’ असं लिहूनही टाकलंय.”

“चालताना नाही तुटत, वन्सं. स्प्रिंग आपल्यासारखीच. धावत असली की ठीक असते. चावी भरून गप्प बसवली की कळतं, किती दम आहे.”

“आणि तारा? उशीर एकच माफ असतो, तो आपण मागे वापरलाय. एका बदकापायी तारा घालवतेस?”

“बदक घेणाऱ्या माणसाने काल काय विचारलं होतं, वाचा बघू.”

नणंदेने नाइलाजाने वाचलं. “‘चालू म्हणजे किती चालू? मागे एका ताऱ्यावाल्या दुकानातून घेतलेलं चार पावलांत मेलं.’”

“म्हणजे नुसत्या ताऱ्यावर त्याचा भरवसा उरलेला नाही. आपल्याला तारा मिळाला तो न बिघडणाऱ्या खेळण्यांमुळे. आता तोच टिकवायला बिघडेल असं पाठवायचं? हे म्हणजे घागर जपायची म्हणून पाणी ओतून देणं झालं.”

वहिनीने हात पुसले, फोन घेतला आणि सावकाश लिहिलं: ‘तुमचं बदक उद्या निघेल. आज ते ताण सोसायला शिकतंय. बदक चालू आहे, विकणाऱ्या नाहीत.’

नणंदेने वाचलं आणि राग धरायचा ठरवूनही फसकन हसली. कुरिअरवाला रिकाम्या हाताने गेला. वहिनी बदकाच्या पोटात चावी भरत गुणगुणत राहिली:

*पत्र्याचं माझं बदक, चाल त्याची ठुमकत,*
*पोटात त्याच्या ताण, कुणा नाही उमगत.*

दुसऱ्या दिवशी सकाळी कळ सोडली. बदक ठुमकत थेट नणंदेच्या चहाच्या कपाला जाऊन थडकलं. स्प्रिंग शाबूत.

“बघ,” नणंद म्हणाली. “कालच पाठवलं असतं तरी चाललं असतं. तारा फुकट घालवलास.”

“तुटली असती तर बरं वाटलं असतं?”

“निदान तुझं खरं तरी झालं असतं.”

“मला झोप लागली, वन्सं. तेवढं खरं मला पुरतं.”

महिना सरला तसा तारा गेला. खेळणी यादीत खाली घसरली, लिलावात गर्दी आटली. नणंदेने चारचौघींत करावा तसा रुसवा घरातच करून पाहिला. वहिनीने तिला तेलाची कुपी धरायला दिली. मग एके दिवशी पत्र्याचा हत्ती तयार झाला, तेव्हा नणंद फोन हातात घेऊनही थांबली.

“ह्याची रात्र झाली का?”

“आज आहे.”

“मग उद्या चढवते.”

दुसऱ्या दिवशी तिने फोटोखाली आपणहून लिहिलं: ‘रात्रभर ताणून पाहिलाय. हत्ती चालू आहे, विकणाऱ्या नाहीत.’

बोली लावायला तिघंच आले. पहिला बदकवाला.

“दुकानाचा बोर्ड खाली आलाय, वहिनी,” नणंद खोकं शोधत म्हणाली, “पण गिऱ्हाईक वाकून वाचतंय.”